पंडिता रमाबाईंचे प्रश्न

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या अभ्यासक्रमात येते ते समाजसुधारकांच्या यादीत. शारदा सदन, केडगावचे मुक्ती सदन, विधवांचे शिक्षण अशी चार वाक्ये झाली की धडा पुढे सरकतो. त्या ख्रिस्ती झाल्या हे वाक्यही येते, पण ते जरा खालच्या आवाजात उच्चारले जाते. कोणाला तो त्यांच्या चरित्रावरचा डाग वाटतो, तर कोणाला मिशनच्या मुकुटातला मोठा हिरा. दोन्ही पक्षांना एकच गोष्ट सोयीस्करपणे विसरायची असते. रमाबाई धर्म बदलून गप्प बसल्या नाहीत. जे प्रश्न त्यांनी पूर्वी पुराणिकांना आणि शास्त्र्यांना विचारले, तेच पुढे त्यांनी बिशपांना आणि धर्मभगिनींना विचारले. या लेखात त्यांच्या समाजकार्याचा आढावा घ्यायचा नाही, तो अनेकांनी घेतला आहे. त्यांच्या श्रद्धेतला हा जो प्रश्न विचारण्याचा धागा आहे, तेवढाच हाती धरून त्यांचे चरित्र पाहावयाचे आहे.

प्रश्न विचारण्याचा वारसा त्यांना घरातूनच मिळाला, पण तो मोठ्या विचित्र रीतीने. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कट्टर वैष्णव, आचाराला अत्यंत कडक. एका बाबतीत मात्र त्यांनी रूढी मोडली. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे उभे राहून आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. गावात राहणे नको झाल्यावर त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात आश्रम बांधला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात मोडते. पुढे दातृत्वापायी सारी मिळकत संपली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, कोणी घालील त्यावर गुजराण करावी, असे त्यांचे जीवन. आईने पहाटेच्या अंधारात शिकविलेले भागवत रमाबाईंना मुखोद्गत होते.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. प्रथम वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. वडिलांनी आयुष्यभर दाने दिली, व्रते केली, अनुष्ठाने केली. जवळचा शेवटचा पैसाही देवाच्या नावाने खर्च केला. पोटासाठी शारीरिक कष्ट करणे मात्र ब्राह्मण्याला शोभत नाही म्हणून ते केले नाहीत. उरलेली दोन भावंडे, रमाबाई व श्रीनिवास, पायी हिंदुस्थान हिंडू लागली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून त्यांनी मानेपर्यंत स्वतःला पुरून घेतले आणि रात्र काढली. वडिलांनी सांगितलेली व्रते ती तरीही पाळीत होती.

याच यात्रेतली एक हकीकत रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिली आहे. हिमालयात एका तलावात सात तरंगते पर्वत होते. निष्पाप यात्रेकरूची प्रार्थना ऐकून ते काठाशी येतात, पाप्याकडे फिरकतही नाहीत, असे तेथील पुजारी सांगत. पाण्यात उतराल तर मगरी खातील, असा धाकही घालीत. श्रीनिवासाने भल्या पहाटे कोणी नाहीसे पाहून सरळ पाण्यात उडी मारली आणि पोहत जाऊन पाहिले. ते पर्वत म्हणजे तराफ्यांवर माती रचून वर झाडे लावलेली होती, आणि दक्षिणा पुरेशी पडली की मागे लपलेला पुजाऱ्याचा माणूस ते काठाकडे लोटीत असे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि तीही तलावाच्या फसवणुकीमुळे नव्हे. फसवणूक उघड करणारी ही भावंडे त्या वेळी नास्तिक नव्हती. ती दर्शनाला आलेली भाविक होती. खरा पर्वत असता तर त्यांना आनंदच झाला असता. श्रद्धा होती म्हणूनच श्रीनिवास पोहत गेला. ज्याला काहीच वाटत नाही तो कशाला थंड पाण्यात उतरेल?

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ख्रिस्ती मंडळी त्यांनी प्रथम पाहिली ती याच शहरात, एका मेळाव्यात. सर्व जण खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसले तेव्हा या भावंडांची समजूत झाली की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! तेथे त्यांना एक संस्कृत बायबल भेट मिळाले. त्यांनी ते वाचून पाहिले, पण काही केल्या उमगले नाही आणि बाजूला ठेवून दिले.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंच्या हाती वेद दिले. स्त्रियांना वेदांचा अधिकार नाही असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यांनी बिचकत का होईना, वाचायला सुरुवात केली. त्याच वेळी स्त्रियांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्रांचा अभ्यास करू लागल्या. या ग्रंथांचे आपापसांत कशावरही एकमत नाही, पण स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी मात्र सर्वांचे एकमत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. बाईच्या जातीला स्वतःचा मोक्ष नाही, पतिसेवा हाच तिचा मोक्ष. हे वाचून आजवर लाखो स्त्रियांनी मान लवविली असेल. रमाबाईंनी विचारले, हे खरे कशावरून?

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीने ते शूद्र मानले जात. या आंतरजातीय, आंतरप्रांतीय विवाहाने दोन्हीकडची मंडळी दुरावली. आसामातील सिलचरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. आयझॅक अॅलन नावाचे एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येत आणि उत्पत्तीची कथा समजावून सांगत. रमाबाईंना ते आवडू लागले. पती मिशनशाळेत शिकलेले होते, तरी पत्नीने उघड बाप्तिस्मा घ्यावा ही कल्पना त्यांना मुळीच रुचली नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचे निधन झाले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या.

पुण्यातील त्या वर्षाविषयी थोडक्यात सांगतो. रानडे, भांडारकर प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा आपण ख्रिस्ती होणार नाही असे त्यांनी लोकांना सांगितले होते. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

पुणे संतापले. फसविले, असाच बहुतेकांचा सूर होता. उलट दिशेने बोलणारे जोतीराव फुले होते. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. ज्या बाईने शास्त्रे वाचली तिला त्यातला स्त्रीशूद्रांविषयीचा पक्षपात दिसला, तर तिने दुसरे काय करावे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

खरे म्हणजे रमाबाईंनी आपले मत का बदलले याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही त्यांनीच दिलेली आहेत. एक बुद्धीचे, दुसरे हृदयाचे. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आश्रम दाखविला. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळले जात होते. आपल्याकडे अशा बाईला शास्त्राने काय शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना पाठ होते. तेव्हा त्यांनी साहजिकच विचारले की, तुम्ही यांची काळजी का घेता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर येशू त्या बदनाम, परजातीच्या बाईशी बोलतो आणि तिच्यापाशी धर्माची सर्वांत खोल चर्चा करतो. येथे रमाबाईंचे हृदय जिंकले गेले.

बुद्धीला पटविले ते मात्र एका चित्पावन ब्राह्मणाने. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीचे पंडित १८४८ साली ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले होते. त्यांनी हिंदुस्थानातून पाठविलेल्या विवेचनाने आपल्या शंकांचे निरसन झाले, असे रमाबाईंनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. गोऱ्यांनाही स्वतःच्या श्रद्धेविषयी आयुष्यभर शंका छळीत राहिल्या. शंका नसलेल्या माणसाचे उत्तर रमाबाईंना पटले असते की नाही, कोण जाणे!

या बाप्तिस्म्याच्या काही दिवस आधीच एक भयंकर घटना घडली. त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी अत्यंत मानसिक क्लेशात आत्महत्या केली. परमुलखात, परक्या लोकांत, धर्मांतराच्या सावटाखाली ती बाई खचून गेली होती. रमाबाईंच्या चरित्रात हे पान बहुधा लवकर उलटले जाते. परंतु त्यानंतर इतक्या लवकर घेतलेला बाप्तिस्मा सुखाचा आणि प्रकाशाचाच होता, असे म्हणणे मला तरी जड जाते.

आता खरा विषय येतो. १८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि इंग्रजी, गणित, शास्त्र शिकत. कानांनी दगा दिल्यामुळे डॉक्टर होण्याची आशा मावळली होती. वाँटेजला सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, तर चेल्टनहॅमला प्राचार्या डोरोथिया बील त्यांच्या गुरू. या तिघींमधला पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवला होता. तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. आपल्या ग्रंथालयात हा ग्रंथ असेल तर ज्याने त्याने तो जरूर काढून वाचावा. कादंबरीहून तो रंगतदार आहे.

वाद सुरू झाले ते लहानसहान गोष्टींवरून. रमाबाई मांस खात नसत, अंडेही खात नसत. जेराल्डिनबाईंना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे की, ख्रिस्ताने मला माझे जेवण बदलायला सांगितलेले नाही. मी हिंदू रीतीत वाढले, आणि त्यात जे निरुपद्रवी आहे ते मी सोडणार नाही. मग क्रूसाचा वाद निघाला. धर्मभगिनींच्या गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. हिंदी भगिनींच्या क्रूसावर संस्कृत अक्षरे का नसावीत, असे रमाबाईंनी विचारले. लॅटिन कोणालाच कळत नाही. ब्राह्मणांना संस्कृत जसे पवित्र वाटते तसेच तुम्हांला लॅटिन पवित्र वाटते काय? या प्रश्नात थट्टा आहे, पण ती वरवरची. एका सोवळ्यातून सुटून दुसऱ्या सोवळ्यात अडकायचे नाही, हा त्यातला गाभा आहे.

पुढे बिशपांनी लक्ष घातले. चेल्टनहॅमला रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा एक विचार निघाला. लाहोरचे बिशप फ्रेंच आणि मुंबईचे बिशप मिल्न यांनी त्याला हरकत घेतली. पुरुषांपुढे उभी राहिलेली बाई हिंदुस्थानात परत गेली की तिचे वजन उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. रमाबाईंना हे ऐकून नवलच वाटले. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांच्या सभा गाजविल्या, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, तिला इंग्रज बिशपांनी हिंदुस्थानची रीत शिकवावी! वडिलांनी किंवा पतीने आपल्याला कधी पुरुषांपुढे बोलण्यास मनाई केली नव्हती, हे त्यांनी निक्षून कळविले. आपल्या देशाच्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविली ती दुसऱ्या तशाच जोखडात घालण्यासाठी नव्हे, या आशयाचे त्यांचे उत्तर पत्रात आहे. देवाचे वचन आणि बिशपाचे वचन यांतला फरक त्यांना नीट कळत होता.

तिसरा वाद सर्वांत खोल होता. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. अथानासियन मतांगीकारात हे मानणार नाही तो कायमचा नष्ट होईल असे जे म्हटले आहे, ते उच्चारायला त्यांची जीभ वळेना. कुमारीपासून जन्म या गोष्टीविषयीही त्यांना शंका होती. त्यांची पद्धत अशी की, पवित्र शास्त्रातील वचने समोर ठेवून शब्दाशब्दाचा कीस काढायचा. ज्यांनी लहानपणी व्याकरणाची आणि शास्त्रार्थाची तालीम घेतली आहे, त्यांची ही सवय जाणार कोठून? येशूवर त्यांची श्रद्धा होती, त्याच्या पुनरुत्थानावर होती. परंतु चर्चने नंतरच्या शतकांत रचलेल्या व्याख्या त्याच तोलाच्या मानायच्या कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. इंग्लंडात किती पंथ आहेत हे त्या पाहत होत्या. प्रत्येक पंथ आपणच खरा म्हणे. हे दृश्य त्यांच्या ओळखीचे होते, कारण त्या शैव, वैष्णव, स्मार्त यांच्या देशातून आल्या होत्या. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत बाप्तिस्म्याने आलो आहोत, इंग्लंडच्या चर्चच्या प्रत्येक नियमाला आपण बांधलेले नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली.

सिस्टर जेराल्डिन यांना याचा मनस्वी त्रास झाला. त्यांच्या लेखी हा अहंकार होता, नवशिक्या ख्रिस्ती बाईला न शोभणारा उद्दामपणा होता. नम्रतेने आधी मान, मग समजेल, असे त्यांचे सांगणे. त्यांच्याविषयी कडवटपणे लिहिणे सोपे आहे. पण त्या दुष्ट नव्हत्या. मनोरमेला त्यांनी आईच्या मायेने सांभाळले आणि रमाबाईही त्यांना शेवटपर्यंत ‘आजीबाई’ म्हणत. ज्या सत्यावर त्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले, तेच आपल्या लाडक्या शिष्येच्या हातून निसटताना पाहून त्या घाबरल्या होत्या. आज्ञापालन हाच त्यांचा संन्यासधर्म. प्रश्न विचारणारा मनुष्य त्यांना बुडताना दिसे.

डोरोथिया बील यांची रीत वेगळी. रमाबाईंचा जन्म झाला त्याच १८५८ साली त्या चेल्टनहॅमच्या प्राचार्या झाल्या होत्या. त्यांनाही मध्यंतरी श्रद्धेच्या अंधाऱ्या वाटेवरून जावे लागले होते. रमाबाईंच्या पत्रांना त्यांनी लांबलचक, विचारपूर्वक उत्तरे दिली, आणि दुसरीकडे वाँटेजला कळविले की या बाईला स्वतः शोधू द्या. जी उद्या दुसऱ्यांना शिकविणार आहे तिला उसनी श्रद्धा पुरणार नाही. आपल्याकडे गुरुशिष्यसंवादाची केवढी थोर परंपरा सांगितली जाते! त्या परंपरेचे एक उत्तम उदाहरण चेल्टनहॅमच्या या टपालात आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बीलबाईंनी रमाबाईंना वादात हरविले नाही, हरविण्याचा प्रयत्नही केला नाही. पुढे रमाबाईंनी ख्रिस्ताचे देवत्व पूर्णपणे स्वीकारले, पण ते कोणाच्या दटावणीने नव्हे.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक १८८७ साली निघाले, त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले.

सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपले आचार पाळावेत, असा नियम होता आणि तो रमाबाईंनीही मान्य केला होता. ज्या बाईने स्वतःसाठी विवेकाचे स्वातंत्र्य मागितले तिला ते दुसऱ्यांना नाकारता येईना. मिशनरी यावर चिडले. ख्रिस्ती बाईची संस्था आणि तीत बायबल नाही? पुण्याचा आक्षेप उलटा होता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आत येऊन बसत. दार लावून घ्या, असे सल्लागार मंडळाचे म्हणणे. येऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या तोंडावर दार लावणे हाही जुलूमच, असे रमाबाईंचे उत्तर. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी मंडळी सल्लागारपदावरून दूर झाली आणि वीसेक मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात रमाबाईंचीच बाजू पूर्ण बरोबर होती असे मला वाटत नाही. बारा-चौदा वर्षांची केशवपन झालेली मुलगी, जिला जगात प्रथमच कोणी मायेने जेवू घातले, तिच्या दृष्टीने ते उघडे दार निव्वळ दार कसे राहील? रानड्यांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. पण त्याचबरोबर हेही विचारायला हवे की, त्या मुलींच्या मनावर घरात जो संस्कार होत होता, तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाने नवरा मेला हा जो पाठ रोज दिला जात होता, त्याला बळजबरी का म्हणू नये? या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी पुण्यात कोणी दिले नाही.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या अंतरंगात एक मोठा पालट झाला. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ व्यासपीठावर प्रवचन करता करता स्वतःच्याच प्रवचनाने पालटले होते. ते वाचून रमाबाईंना जाणवले की, आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. सारे सिद्धान्त तपासून झाले, बिशपांशी भांडून झाले, आणि तरीही आतली जागा रिकामीच आहे. असा प्रश्न स्वतःला विचारायला, आणि त्याचे उत्तर जगाला छापून सांगायला, बिशपांशी भांडण्याहून अधिक धैर्य लागते. कारण आता कठड्यात त्या स्वतःच उभ्या होत्या.

येथून पुढे रमाबाई बदलल्या, हे नाकारता येत नाही. त्यांचे लिखाण अधिक भक्तिपर झाले. इतर धर्मांविषयी त्यांची भाषा कठोर झाली, काही ठिकाणी तर अन्याय्य म्हणावी इतकी. ज्या शास्त्रांनी त्यांना विचार करायला शिकविले त्यांच्यातले चांगले त्यांना पुढे पुढे दिसेनासे झाले. काही अभ्यासकांना वाटते की येथे प्रश्न विचारणारी पंडिता संपली. मला ते पटत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया केडगावच्या माळावर आणल्या. शतक उलटताना मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जिवांचा संसार होता. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या बाईने मांडलेला तो संसार. वडिलांनी अंगमेहनत कमीपणाची मानली होती, येथे लेकीने हजारोंना शेती, विणकाम, छपाई शिकविली.

१९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची जी मोठी लाट आली, तिच्यात मुली मोठमोठ्याने रडत, एकाच वेळी सगळ्या प्रार्थना करीत. युरोपीय पाहुण्यांना हा गोंगाट रुचला नाही. त्यावर रमाबाईंचा सवाल पुन्हा जुन्याच वळणाचा होता. देवाची प्रार्थना इंग्रजी शिस्तीत, हळू आवाजातच झाली पाहिजे हे कोठे लिहिले आहे? हिंदी माणसाने हिंदी माणसासारखीच प्रार्थना करावी. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांविषयी बोलणारी बाईच येथे बोलत आहे, वीस वर्षांनी.

आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर होते, मुक्तीतल्या खेडवळ मुलींना ते कळत नसे. कलकत्त्यात हाती पडलेले ते न उमगणारे संस्कृत बायबल त्यांना आठवत असणारच. त्यासाठी उतारवयात, कानांनी जवळजवळ ऐकू येत नसताना, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. मूळ शब्द काय आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते, स्वतः पाहायचे होते. मजकूर जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. ज्यांना अक्षर शिकण्याचाही अधिकार नाही असे गावाने ठरविले होते, त्या हिब्रू आणि ग्रीक खिळे हाताळीत होत्या.

हे भाषांतर वाङ्मय म्हणून फार सरस उतरले आहे असे म्हणता येणार नाही. मुळाशी इमान राखण्याच्या नादात वाक्ये अवघडली आहेत, आणि पंडितेने संस्कृताशी केलेला हा हट्टी काडीमोड कधी कधी कानाला खटकतो. महाराष्ट्रातील मंडळ्यांत ते फारसे रुळले नाही. पण ते काम त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून घेतले नव्हते आणि कोणाच्या परवानगीसाठी थांबवलेही नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. सदनाचा भार पुढे जिच्यावर सोपवायचा ती एकुलती एक मुलगी. रमाबाई त्या वेळी ६३ वर्षांच्या होत्या. त्या भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम संपेपर्यंत थोडे दिवस दे, अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम हातावेगळे होताच त्या गेल्या, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ही त्यांच्या निधनाची तारीख. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून.